पाणी तापवण्यासाठी जाळायलाच हवे का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला आणि तेव्हापासून मुंबईत भट्टीची चर्चा सुरू आहे. एका बाजूला पावाची चव, इराणी बेकऱ्यांचा वारसा आणि लहान बेकरीवाल्याच्या खिशाला बसणारी झळ आहे. दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात छातीत साचणारी हवा आहे. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि बेकरीचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. पण या चर्चेने एक वाईट सवय लावली आहे. उष्णतेचा विषय निघाला की आपण फक्त इंधनांची नावे घेतो: लाकूड नको तर डिझेल, डिझेल नको तर सिलिंडर, सिलिंडर नको तर पाइप गॅस. कोणी विजेचे नाव काढलेच तर ‘परवडत नाही’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपतो. काय जाळायचे यावर इतका वाद घालणारे आपण, मुळात जाळण्याची गरज किती आहे, हा प्रश्न विचारतच नाही.

लॉज, खानावळी, लाँड्र्या, रुग्णालये, वसतिगृहे, व्यायामशाळा, केशकर्तनालये या सगळ्यांना लागणारे गरम पाणी हे या शहरातल्या उष्णतेच्या मागणीतले सर्वांत सोपे प्रकरण आहे. पाव भाजायला दोनशे अंशांच्या वर भट्टी लागते. अंघोळीला, भांड्यांना आणि बहुतेक कपड्यांना साठ अंश पुरतात. माझे मत स्पष्ट आहे. ज्या व्यवसायांना रोज साठ अंशांपर्यंतचे पाणी लागते त्यांनी ते जाळून तापवणे सोडावे आणि हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणून सोडणाऱ्या विजेच्या यंत्रावर, तापवावे. त्यातही सर्वांत आधी विजेच्या गीझरच्या रांगा आणि डिझेलचे बॉयलर हटवावेत. पाइप गॅसवाल्यांना मी आजच घाई करायला सांगणार नाही. त्याचे कारण पुढे येईल, कारण ते लपवून ही बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, वरून धूर. आजचा गॅसचा बॉयलर म्हणजे त्याच बंबाची सुधारलेली आवृत्ती आहे. दीड-दोन हजार अंशांची ज्योत पेटवायची आणि तिने सत्तावीस अंशांचे पाणी सत्तावन्न अंशांवर न्यायचे, हे त्याचे काम. गीझरने धूर घराबाहेर काढला, पण तत्त्व बदलले नाही. तोही उष्णता निर्माणच करतो, आणि विजेच्या एका युनिटातून एका युनिटापेक्षा जास्त उष्णता कोणताही गीझर कधीही देऊ शकणार नाही. गीझरवरच्या पाच ताऱ्यांनीही अनेकांचा गैरसमज होतो. ते तारे टाकीत साठवलेल्या पाण्याची उष्णता बाहेर किती झिरपते ते सांगतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्यांनी कमी होत नाही.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, तो ती उचलून आणतो. फ्रिजच्या मागच्या किंवा बाजूच्या भागाला हात लावला तर तो कोमट लागतो. आतल्या दुधा-भाजीतली उष्णता तिथे आणून टाकलेली असते. हीट पंपात हेच काम उलट्या हेतूने चालते. बाहेरच्या हवेतली उष्णता थंड नळ्यांमधले शीतक (फ्रिजमध्येही असते ते उष्णता वाहून नेणारे द्रव्य) शोषून घेते, काँप्रेसर त्या शीतकाचा दाब आणि तापमान वाढवतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला मिळते. वीज लागते ती फक्त या वाहतुकीसाठी. त्यामुळे एका युनिटात तीन ते चार युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते. हे नवलाचे वाटले तरी नवे नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली हीट पंप बसवला गेला आणि तो शेजारून वाहणाऱ्या लिमाट नदीच्या थंडगार पाण्यातून उष्णता काढत असे. ज्या देशाला कोळसा बाहेरून आणावा लागत होता त्याने नदीकडे इंधन म्हणून पाहिले. आपल्याला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो, त्यातला मोठा भाग आखातातून येतो, आणि तरीही आपल्या भोवतीच्या उकाड्याकडे आपण केवळ त्रास म्हणून पाहतो.

मुंबई या यंत्रासाठी किती अनुकूल आहे याचा विचार करावा. युरोपात या यंत्रावर पहिला आक्षेप घेतला जातो तो थंडीचा: बाहेर शून्याखाली तापमान गेले की हवेतून उष्णता काढणे कठीण होते आणि नळ्यांवर बर्फ जमते. सांताक्रूझच्या वेधशाळेची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, आणि तीही १९६२ सालची. एरवी जानेवारीच्या पहाटेही आपल्याकडची हवा युरोपातल्या वसंताइतकी उबदार असते. शिवाय ज्या दमटपणाला आपण वर्षभर वैतागतो तोच इथे कामाला येतो. थंड नळ्यांवर हवेतली वाफ निवून पाणी होते तेव्हा त्या वाफेत दडलेली उष्णताही यंत्राला मिळते. जुलैत, जेव्हा सौर बंब ढगांखाली थंड पडतो आणि त्याच्या आतली विजेची कांडीच सगळे काम करू लागते, तेव्हा हीट पंप मात्र चांगला चालतो. सौर उष्णजल यंत्रणा मला नकोशी आहे असे नाही. मोकळी गच्ची असेल तिथे ती जरूर असावी. पण तीस मजली इमारतीच्या गच्चीवर सगळ्या खोल्यांना पुरेल इतके ऊन पडत नाही.

याहून एक ठळक गोष्ट आहे. मे महिन्यात एखाद्या मोठ्या हॉटेलच्या मागच्या गल्लीतून चालत गेल्यास भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्रांची गरम झोत तोंडावर येते. खोल्यांमधली उष्णता विजेचे पैसे मोजून रस्त्यावर फेकली जात असते, आणि त्याच वेळी त्याच इमारतीच्या तळघरात अंघोळीच्या पाण्यासाठी इंधन जाळून नवी उष्णता तयार होत असते. एकाच मालकाच्या खिशातून दोन्ही खर्च जातात. एका बाजूची टाकाऊ उष्णता दुसऱ्या बाजूला नेणारी जोडणी हे हीट पंपाचेच एक रूप आहे. ती शक्य नसेल तिथेही यंत्रातून बाहेर पडणारी थंड हवा स्वयंपाकघरात सोडता येते. खानावळीच्या भटारखान्यात चाळीस अंशांत उभ्या राहणाऱ्या आचाऱ्याला त्या हवेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता विरोधातले मुद्दे. पहिला अर्थातच खर्चाचा, आणि तो बोलणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. दादर स्थानकाजवळच्या एका लॉजच्या मालकांनी मला त्यांचे बिल दाखवले होते. दहा खोल्या, दहा गीझर, आणि सकाळी सहा ते नऊ ‘गरम पाणी मिळेल’ अशी पाटी. “साहेब, विजेवर पाणी तापवून मी पुरता पोळलोय, पुन्हा विजेचं नाव काढू नका,” असे ते म्हणाले. त्यांचा राग योग्य आहे, पण तो चुकीच्या यंत्रावर निघतो आहे. एक हजार लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे पस्तीस युनिटांइतकी उष्णता लागते. गीझरला त्यासाठी साधारण छत्तीस युनिटे वीज लागेल. साडेतीन पटीने काम करणाऱ्या हीट पंपाला दहा. व्यापारी वीज सरासरी बारा रुपये धरली तर गीझरचे चारशे तीस रुपये होतात आणि हीट पंपाचे एकशे वीस. तेच पाणी ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरवर तापवले तर एलपीजी सुमारे साडेतीन किलो लागेल, म्हणजे व्यापारी सिलिंडरच्या २०२५ सालच्या भावाने तीनशे रुपयांच्या आसपास. डिझेल साडेचार लिटर, म्हणजे चारशेच्या आसपास. लॉजच्या मालकांना ‘वीज’ महाग पडली असे वाटते. वस्तुतः त्यांना महाग पडली ती विजेपासून उष्णता निर्माण करण्याची पद्धत. दहा गीझर एकाच वेळी पेटले की वीस किलोवॅटचा भार येतो आणि मंजूर भार व मागणी आकारही त्याच हिशेबाने लागतो. रात्रभर टाकी भरत राहणारा हीट पंप चार-पाच किलोवॅटमध्ये भागवतो.

यंत्र, उष्णतारोधक टाकी आणि नळजोडणी यांना तीन लाख रुपये लागले असे धरले, तर गीझरच्या तुलनेत वर्षाला नव्वद हजारांच्या वर बचत होऊन साडेतीन वर्षांत पैसे सुटतात. ज्याच्याकडे तीन लाख आहेत त्याच्यासाठी हा उत्तम सौदा आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याला साडेतीन वर्षांचे गणित ऐकवणे निरर्थक आहे, आणि नेमके इथे या तंत्राचे समर्थक कमी पडतात. एलईडी दिव्यांचे उदाहरण आठवावे. केंद्राच्या उजाला योजनेने कोट्यवधी दिव्यांची खरेदी एकत्र केली, तेव्हा तीनशे रुपयांच्या घरातला दिव्याचा खरेदीभाव काही वर्षांत चाळिशीपर्यंत उतरला. दिवे स्वस्त झाले ते लोकांना पर्यावरणाचे महत्त्व पटल्यामुळे नव्हे; मागणी एकवटल्यामुळे. हॉटेल संघटनांनी किंवा वीज कंपन्यांनी शे-दोनशे यंत्रांची खरेदी एकत्र करावी आणि किंमत वीजबिलातून हप्त्याने वसूल करावी, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वीज तरी कुठली स्वच्छ? ती कोळशाचीच. तुम्ही मुंबईचा धूर डहाणूला आणि विदर्भाला ढकलता. या आक्षेपाला घोषणेने उत्तर देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आपल्या हजार लिटरांसाठी गीझर पंचवीस किलोंच्या वर उत्सर्जन करवतो. डिझेलचा बॉयलर अकरा-बारा, एलपीजीचा दहा, पाइप गॅसचा साडेआठच्या आसपास आणि हीट पंप साधारण सात ते आठ. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. धूर दिसत नाही म्हणून स्वच्छ वाटणारा गीझर या यादीत सर्वांत वाईट आहे. आणि पाइप गॅसपेक्षा हीट पंपाची आजची आघाडी इतकी थोडी आहे की वीजवहनातली गळती धरली तर ती जवळजवळ पुसली जाते.

मग पाइप गॅसवाल्याने का बदलावे? आजच बदलू नये, असे मी म्हणतो. चालू स्थितीतला बॉयलर भंगारात काढण्यात शहाणपण नाही. पण तो बॉयलर बदलायची वेळ येईल तेव्हा निर्णय आजच्या विजेवर घेऊ नये, पुढच्या पंधरा वर्षांच्या विजेवर घ्यावा. २०२५ सालीच देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा खनिज इंधनांखेरीज अन्य स्रोतांचा झाला; प्रत्यक्ष विजेत तो वाटा अजून बराच कमी आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आज बसवलेला हीट पंप दर वर्षी, मालकाने काहीही न करता, थोडा अधिक स्वच्छ होत जाईल. आज बसवलेला गॅस बॉयलर २०४० सालीही आजइतकाच गॅस जाळेल. शिवाय २०२३ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, दहा किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी ठेवायचा आहे. गरम पाण्याची टाकी ही विजेची सर्वांत स्वस्त साठवण आहे. दुपारी सौर वीज मुबलक असताना टाकी भरावी आणि ते पाणी संध्याकाळी, पहाटे वापरावे. गॅसच्या ज्योतीला दुपार आणि रात्र सारखीच.

विजेच्या प्रश्नाकडे मुंबईकराने इतिहास विसरून पाहू नये. या शहराने एकदा असे स्थित्यंतर केले आहे. गिरण्यांच्या चिमण्यांनी आकाश काळवंडले तेव्हा १९१२ साली मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला, आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज आली. गिरणीमालकांनी लगेच होकार दिला नव्हता. वाफेच्या इंजिनांत त्यांचे भांडवल अडकले होते. पुढे मात्र गिरण्या एकामागून एक विजेवर गेल्या. कांजी आणि रंगकामाला लागणाऱ्या वाफेसाठी बॉयलर राहिले. फिरणारी यंत्रे विजेवर गेली. जे काम विजेला जमते ते तिच्याकडे, जे जमत नाही ते ज्योतीकडे, हा विवेक तेव्हा दाखवला गेला. आजही तोच हवा आहे. बेकरीची भट्टी आणि लॉजची अंघोळ एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही.

पण त्या गोष्टीचा दुसरा भागही आहे. मुंबईला आणखी वीज हवी होती म्हणून मुळशीचे खोरे बुडवण्याचे ठरले आणि १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी गेल्या, गावे पाण्याखाली गेली, आणि मुंबईचे आकाश निवळायला त्या शेतकऱ्यांचा संसार कारणी लागला. म्हणून ‘विजेवर जा’ एवढेच सांगणाऱ्यांशी माझे पटत नाही. प्रत्येक युनिट कुठून तरी येते: कुणाच्या खोऱ्यातून, कुणाच्या जंगलाखालच्या कोळशातून, आता कुणाच्या माळरानावरच्या सौर पट्ट्यांतून. छत्तीस युनिटांचे काम दहांत होत असताना छत्तीस वापरणे हा केवळ बिलाचा प्रश्न उरत नाही. उरलेली सव्वीस युनिटे कुणाच्या तरी जमिनीवर भार टाकतात. मुंबई शहर स्वतःच्या हद्दीत पुरेशी वीज कधीच निर्माण करू शकणार नाही. निदान ती काटकसरीने वापरणे एवढे तरी तिच्या हातात आहे.

तांत्रिक शंकांपैकी दोन गंभीर आहेत. पहिली शीतकाची. सध्या प्रचलित असलेली काही शीतके हवेत निसटली तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी तापमानवाढ करतात. आर-४१०ए हे त्यांपैकी एक. अशी शीतके कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, भारताने २०२१ साली मान्यता दिली असून २०३२ पासून अशा शीतकांचा वापर उतरवायचा आहे. त्यामुळे आज यंत्र घेताना प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारे, आणि तेही मिळत नसेल तर कमी घातक शीतकाचे यंत्र मागणे हे शहाणपणाचे ठरेल. जपानमध्ये कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती हीट पंप २००१ पासून विकले जात आहेत. तेव्हा हे दूरचे स्वप्न नाही. दुसरी शंका रुग्णालयांची. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू वाढतो, म्हणून बचतीच्या नादात टाकी पन्नासवर ठेवणे धोक्याचे आहे. साठ अंशांची साठवण आणि परतीच्या नळीतही पन्नासच्या वर तापमान ही अट पाळलीच पाहिजे, मग कार्यक्षमता थोडी उतरली तरी चालेल.

सर्वांत अवघड अडचण मात्र यंत्राची नाही, जागेची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मुंबईतले बहुसंख्य छोटे व्यवसाय भाड्याच्या किंवा पागडीच्या जागेत चालतात. यंत्र ठेवायचे गच्चीवर, गच्ची सोसायटीची, भिंत घरमालकाची, नळ तीन मजल्यांवरून खाली आणायचा आणि कुणाच्या तरी खिडकीखाली पंखा घोंघावणार. अशा जागेत लाखो रुपये गुंतवायचे आणि करार अकरा महिन्यांचा, हे कोणता खानावळवाला करील? त्याला दोष देता येत नाही. टॅक्सी गॅसवर नेताना शहराने जसा अनेक वर्षे नियम, पंप आणि मुदती यांचा मेळ घातला, तसाच मेळ इथे घालावा लागेल. गच्चीवर अशा यंत्राला जागा देण्याची सरळ परवानगी, आवाजाची ठोस मर्यादा, आणि जागा सोडताना यंत्र काढून नेण्याचा भाडेकरूचा हक्क, एवढे कागदावर आले तरी निम्मी वाट मोकळी होईल. दुरुस्तीची चिंता त्या मानाने लहान आहे. ज्या शहरात गल्लोगल्ली एसीचा मेकॅनिक आहे तिथे काँप्रेसर आणि शीतक यांची भाषा नवी शिकवावी लागत नाही.

सुरुवात छोट्या व्यावसायिकावर सक्ती करून करू नये. बेकऱ्यांच्या बाबतीत आधी मुदत आली आणि मदतीचा विचार मागाहून झाला. ती चूक पुन्हा नको. महापालिकेची स्वतःची रुग्णालये आहेत. केईएम, नायर, शीव इथे दिवसरात्र गरम पाणी लागते, गच्चीसाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही आणि करार अकरा महिन्यांचा नाही. त्यांतल्या एका रुग्णालयाच्या एका इमारतीत निविदा काढून यंत्रणा बसवावी. निविदेत टाकीचे तापमान, शीतकाचा प्रकार, गळतीची वार्षिक तपासणी आणि पाच वर्षांची देखभाल नमूद असावी. विजेला आणि पाण्याला स्वतंत्र मीटर लावून, किती लिटर पाणी किती युनिटांत तापले, यंत्र किती दिवस बंद राहिले आणि पावसाळ्यात काय झाले, हे आकडे दरमहा मराठीत जाहीर करावेत. दादरच्या त्या लॉजचे गीझर जुने झाले आहेत, दोन-तीन वर्षांत मालक ते बदलणारच आहेत. त्यांनी दुकानात पाऊल ठेवण्याआधी हे आकडे त्यांच्या हाती पडायला हवेत.